पश्चिमेचं दुकान

बर्लिनमध्ये पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहरातल्या सगळ्यात प्रसिद्ध, 'काडेव्हे' नावाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो आणि दुकान बंद होतं. काचेच्या आत पुतळे कोट घालून मजेत उभे. बाहेर आम्ही दोघं, आमच्यासारखेच फसलेले चार-पाच पर्यटक आणि कबुतरं.

रविवार होता. आमचं सांगलीला कापडपेठेत दुकान आहे. रविवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस, लग्नसराईत तर जेवायला फुरसत नसते. त्यामुळे रविवारी अख्ख्या देशाची दुकानं बंद असू शकतात हे डोक्यातच आलं नाही. भाचीला फोन लावला तर ती हसायलाच लागली. "मामा, विचारायचंस तरी मला! इथे रविवारी दूध आणायला पण मोठ्या रेल्वे स्टेशनवर जावं लागतं." रविवारची विश्रांती म्हणे जर्मनीच्या राज्यघटनेतच लिहून ठेवली आहे. वर्षातले मोजके रविवार तेवढे अपवाद म्हणून मिळतात. दुकानदार म्हणून ऐकायला बरं वाटलं, गिऱ्हाईक म्हणून नाही.

बायको म्हणाली, "अहो, तीस वर्षांत तुम्हाला एक रविवार सुट्टी मिळाली, ती पण दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर काढताय."

पायरीवर नाही, समोरच्या चौकातल्या बाकावर काढली. विटेनबर्गप्लात्झ नावाचा चौक आहे. मधोमध भुयारी रेल्वेचं जुनं देखणं स्टेशन आणि समोर ही करडी, आडवी पसरलेली इमारत. घाई नव्हती म्हणूनच स्टेशनाबाहेरची एक पाटी नजरेला पडली. लांबून वाटलं, गाड्या कुठे कुठे जातात त्याचा फलक असेल, कारण एकाखाली एक गावांची नावं होती. जवळ जाऊन वाचलं तर ऑशवित्झ, ट्रेब्लिंका, बुखेनवाल्ड, डाखाउ. नाझींच्या छळछावण्या. वर जर्मनमध्ये एक ओळ होती, तिचा अर्थ भाचीने संध्याकाळी सांगितला: दहशतीची ठिकाणं, जी आपण कधीही विसरता कामा नये. पाटी १९६७ पासून तिथे आहे. रोज हजारो माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन तिच्याशेजारून जातात. सोमवारी आम्हीही तसेच गेलो.

सोमवारी दहाला दारं उघडली. दुकानाचं नाव 'काउफहाउस डेस वेस्टेन्स', म्हणजे पश्चिमेचं दुकान. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून आद्याक्षरांवरून सगळे 'काडेव्हे' म्हणतात. २७ मार्च १९०७ ला ते उघडलं, तेव्हा नावातली पश्चिम म्हणजे फक्त बर्लिनची पश्चिम बाजू होती. पैसेवाले लोक नव्याने राहायला जात होते ती बाजू. आडोल्फ यांडोर्फ नावाच्या व्यापाऱ्याची त्याआधी शहरात स्वस्त मालाची दुकानं होती, कामगारवस्तीत चालणारी. त्याने श्रीमंतांसाठी हे वेगळं काढलं. पुढे बर्लिनची भिंत उभी राहिली, शहर दोन जगांत वाटलं गेलं आणि पाटीवरचं एक अक्षर न बदलता त्या 'पश्चिम' शब्दाचा अर्थ बदलला. पूर्वेकडच्यांसाठी ती दुसऱ्या जगाची पाटी झाली.

आत शिरल्यावर अत्तरांचा वास अंगावर येतो. तळमजल्यावर अत्तरं, घड्याळं, चामड्याच्या पिशव्या. एका पिशवीची किंमत बायकोने रुपयांत मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. मी मात्र वेगळंच बघत होतो. गल्ला कुठे आहे, माल वर कसा चढतो, सेल्समन उभे कसे राहतात. सवय जात नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं की हे एक दुकान नाहीच. प्रत्येक ब्रँडने आपापली जागा घेतलेली आहे, आपले कपाट, आपले दिवे, आपली माणसं. म्हणजे आमची पेठच की, फक्त वर छप्पर आहे आणि मधून म्हैस जात नाही.

अशी मोठी दुकानं युरोपात एकोणिसाव्या शतकात निघाली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी रुजवल्या. एक, मालावर किंमत लिहिलेली, सगळ्यांना एकच भाव. दोन, आत या, हिंडा, काही न घेता जा, कोणी विचारणार नाही. पहिली गोष्ट आमच्या आजोबांनी 'एकच भाव' अशी पाटी लावून केली होती आणि गिऱ्हाईक ती पाटी वाचूनही घासाघीस करायचं. दुसरी मात्र आमच्याकडे अजून जमलेली नाही. गादीवर माणूस बसला, पाणी आलं, दहा लुगडी उलगडली की उठताना त्यालाच अवघडल्यासारखं होतं. इथे मी पुरुषांच्या मजल्यावर एका शर्टाची कड उलटी करून शिलाई बघत होतो, कॉलरचं कापड बोटांत चोळत होतो, तरी समोरचा तरुण फक्त हसून 'हालो' म्हणाला आणि लांब उभा राहिला. शिलाई बारीक होती. इंचाला अठरा-वीस टाके तरी असतील. कापड चांगलं, पण त्या पैशात मी आमच्याकडे अख्खं ठाण दिलं असतं.

वर जायला सरकते जिने आहेत. इमारतीची अंतर्गत रचना अलीकडे वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या ओएमए या कचेरीने नव्याने आखली. एका भागात वरपर्यंत मोकळी पोकळी सोडून तिला आतून लाकूड लावलंय. त्या जिन्यावरून वर जाताना मोठ्या सागवानी कपाटाच्या आतून चाललोय असं वाटतं. मला ते आवडलं. बायकोला एवढं लाकूड किती लागलं असेल याची काळजी.

दुकानाचा मधला इतिहास मी भाचीकडून आणि थोडा वाचून जमवला होता. यांडोर्फने १९२०च्या दशकात हे दुकान हेर्मान टीट्झ या मोठ्या कंपनीला विकलं. टीट्झ ज्यू, यांडोर्फही ज्यू. १९३३ साली नाझी आले, ज्यू दुकानांवर बहिष्काराची हाक दिली गेली, बँकांनी हात आखडले आणि टीट्झ कुटुंबाला कवडीमोलाने धंद्यातून बाहेर काढलं. नव्या मालकांना ज्यू नाव पाटीवर नको होतं, म्हणून कंपनीचं नाव ठेवलं 'हेर्टी'. हे-र-टी. हेर्मान टीट्झचीच अक्षरं! ज्याला हाकललं त्याचंच नाव आखूड करून पुढे कित्येक दशकं वापरलं.

आमच्या दुकानाच्या पाटीवरही आमचं नाव नाही. आजोबांनी दुकान घेतलं ते एका गुजराती शेटजींकडून, आणि नाव चालतंय तर बदलायचं कशाला म्हणून तेच ठेवलं. अजून गिऱ्हाईक मला त्या नावाने 'शेट' म्हणतात. पण आजोबांनी रोख मोजली होती आणि ते शेटजी दिवाळीला फराळाला यायचे. हेर्टीची गोष्ट वाचल्यावर ही तुलना मनात आली आणि लगेच मागे घेतली.

१९४३ मध्ये बॉम्बफेकी विमान इमारतीवर कोसळलं आणि दुकान आतून जळून गेलं. युद्धानंतर ३ जुलै १९५० ला पुन्हा उघडलं ते फक्त खालचे दोन मजले, बाकीचं काम आणखी सहा वर्षं चाललं. हे मला फार ओळखीचं वाटलं. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. चिखल काढून झाल्यावर आम्हीही आधी पुढचाच गाळा उघडला होता, मागे भिंती वाळत होत्या. बोहनी कशाची झाली ते आजही सांगू शकतो: दोन टॉवेल आणि एक पंचा.

भिंत पडली तेव्हाची गोष्ट तर दुकानदाराने ऐकावीच अशी आहे. ९ नोव्हेंबर १९८९ नंतर पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिम जर्मनीचं सरकार स्वागताचे म्हणून १०० मार्क देत होतं. ते खिशात घालून लोंढेच्या लोंढे या रस्त्यावर आले. आयुष्यभर ज्या दुकानाचं नुसतं नाव ऐकलं ते बघायला. शंभर मार्कांत इथे काय येणार होतं? पण बघायला पैसे पडत नव्हते.

आणि चोरी! ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी २००९ मध्ये रात्री तीन बुरखेधारी आत उतरले आणि लाखो युरोंचे दागिने घेऊन पसार झाले. मागे एक हातमोजा राहिला. त्यातल्या घामावरून डीएनए मिळाला, जुळलाही. पण तो जुळला जुळ्या भावांशी, अगदी एकसारख्या जुळ्यांशी. दोघांपैकी कोण हे सिद्ध करता येईना, आणि कोणीतरी एक नक्की म्हणून दोघांना शिक्षा देता येत नाही. दोघेही सुटले. दागिन्यांच्या विभागातून जाताना बायको कपाटांकडे बघत होती आणि मी छताकडे.

सहावा मजला खाण्याचा. काडेव्हेचं खरं नाव झालं ते या मजल्यामुळे. काचेच्या टाकीत जिवंत मासे आणि शेवंडं, बर्फावर कालवं. काउंटरभोवती उंच स्टुलांवर बसून लोक सकाळी अकराला वाइन पीत कालवं ओढत होते. एकीकडे सॉसेजची भिंत: लाल, करडी, पांढरी, मनगटाएवढी, करंगळीएवढी. एकीकडे खारवलेला हेरिंग मासा, काकडीच्या लोणच्याभोवती गुंडाळून काडी टोचलेला. बायको माहेरची रत्नागिरीची. तिने तो मासा अशा नजरेने बघितला, की खारवला ठीक आहे, पण गुंडाळलाय कशाला.

चीजच्या काउंटरवर आम्ही अडकलो. जात्याच्या तळीएवढी चाकं रचलेली होती. पांढऱ्या टोपीतल्या, साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. मी एका पिवळसर चाकाकडे बोट केलं. त्यांनी पातळ काप काढून कागदावर ठेवून पुढे केला. फ्रान्सचं कोंते, दोन वर्षं मुरवलेलं. आधी खारट लागलं, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं, आणि दाताखाली साखरेच्या कणासारखं काहीतरी करकरलं. शंभर ग्रॅमला चार युरोंच्या वर भाव. म्हणजे आमच्या हिशेबाने चारशे रुपये आणि वर. मी एक बोट दाखवून म्हटलं, "हंड्रेड."

बाईंनी दोन मुठींची सुरी चाकावर ठेवली, जरा सरकवली, पुन्हा सरकवली, अंगाचा भार टाकला. तुकडा तराजूवर ठेवला. काटा नाही, आकडे: ११८. मग माझ्याकडे बघून त्या एक वाक्य म्हणाल्या, "दार्फ एस एट्वास मेअर झाइन?"

मला जर्मन येत नाही. पण ते वाक्य मला कळलं. मान तिरकी, हात तुकड्यावर तसाच, उचलायची काही तयारी नाही, आवाजात प्रश्न असूनही प्रश्न नाही. आमच्या मिठाईवाल्याकडून पाव किलो पेढे घेताना जन्मभर ऐकत आलोय: "थोडं जास्त झालंय, चालेल ना?" संध्याकाळी भाचीला विचारलं तर शब्दशः तोच अर्थ निघाला. जर्मनीत तराजूमागे उभा राहणारा प्रत्येक जण हेच म्हणतो म्हणे.

चाललं. चालवून घ्यावंच लागतं. मीही मीटरमागे दोन बोटं जास्त सोडून हेच विचारतो.

कॅशवर पैसे देताना आठवलं, की जानेवारी २०२४ मध्ये याच दुकानाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कंपनीचं म्हणणं, इमारतीचं भाडं परवडत नाही. एवढा पसारा, एवढी गर्दी, आणि शेवटी दुखणं गाळ्याच्या भाड्याचं! आता मालकी थायलंडच्या सेंट्रल ग्रुपकडे आहे. पाटी अर्थातच तीच. बँकॉकच्या मालकीचं पश्चिमेचं दुकान.

दुपारचा बेत बायकोचा होता. तिच्या बॅगेत बर्लिनसाठी एकच पत्ता लिहिलेला होता आणि तो दुकानाचा नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये इथे शिकायला आल्या, ती संस्था डालेम या उपनगरात होती. दुकानासमोरच्या त्याच स्टेशनातून यू-३ गाडी थेट तिकडे जाते, आणि हा मार्ग १९१३ पासूनचा. म्हणजे बाई शहरात यायच्या तेव्हा बहुधा याच चौकातून जात असतील, नऊवारी नाहीतर पाचवारी, असा वाद आम्ही गाडीत घातला. चीजचा वास कागदातून बाहेर यायला लागला होता. समोरच्या आजींनी एकदा पिशवीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

डालेम-डॉर्फचं स्टेशन गवताने शाकारलेल्या वाड्यासारखं आहे. त्याच्या पुढच्या स्टेशनावर उतरून इनेस्ट्रासेवर चालत गेलो. झाडं, शांतता, सायकली. २२ नंबरची ती संस्थेची इमारत आता विद्यापीठाकडे आहे. इथल्या ऑयगेन फिशर या प्राध्यापकांचा तर्क होता की गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण इतरांहून वेगळी असते, म्हणून त्यांची बुद्धीही. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. बाईंनी त्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परदेशी, पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी, स्वतःच्या गुरूला! भिंतीवर एक फलक आहे. या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढे नाझींच्या गुन्ह्यांना कसा हातभार लावला याचा. बाईंचा उल्लेख त्यात नाही, असायचं कारणही नाही.

बायको फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाली. मग आम्ही जवळच्या बाकावर बसून पाव मोडला आणि चीज कागदातून काढलं. ते उन्हाने थोडं घामेजलं होतं.

"जास्तच दिलंय तिने," तुकडा तळहातावर तोलत बायको म्हणाली.

"अठरा ग्रॅम," मी म्हटलं.

कागदावरचं वजनाचं लेबल तिने नखाने हळूच सोललं आणि डायरीत, डालेमच्या पत्त्याखाली चिकटवलं.