३एस २२०० चा लिपो पॅक वापरात आणताना: इंदूरमधला माझा अनुभव

मी रिमोटवर चालणारं छोटं विमान उडवतो आणि त्याची बॅटरी म्हणजे लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅक; ३एस म्हणजे ओळीने जोडलेले तीन सेल. लेबलावरचा ‘सी’ चा आकडा, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह पॅक देऊ शकतो ते, मी वाचतो, पण मानत नाही. २२०० एमएएच आणि ३५सी म्हणजे कागदावर ७७ अँपिअर. त्याच पॅकच्या टोकाला लावलेला एक्सटी६० कनेक्टर ६० अँपिअरचा असतो, यातच काय ते समजावं. म्हणून नवा पॅक आला की लेबल बाजूला ठेवून मी आधी वजनकाटा काढतो. ३एस २२०० चा प्रामाणिक पॅक साधारण १७० ते १९० ग्रॅम भरतो आणि जास्त ‘सी’ चा थोडा जड असतो, कारण आत तांबं-ॲल्युमिनियम जास्त लागतं. ६०सी लिहिलेला पॅक २५सी वाल्याइतकाच भरला, तर फरक फक्त स्टिकरचा.

या वेळी दोन पॅक मागवले. लिथियम असल्याने बहुतेक विक्रेते ते रस्त्यानेच पाठवतात, त्यामुळे उन्हाळ्यात पार्सल ट्रकमध्ये चांगलंच तापून येतं. खोकं उघडल्यावर पाकीट कुठे दबलंय का, फुगलंय का, गोडसर वास येतोय का ते पाहिलं आणि मग बॅलन्स लीडवर (प्रत्येक सेलची तार बाहेर आणणारा छोटा प्लग) मल्टिमीटर लावला. ३एस ला त्या पांढऱ्या प्लगमध्ये चार तारा असतात. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये एकेक सेल मोजता येतो. कारखान्यातून निघालेला सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा आणि तिन्हींत ०.०२ पेक्षा जास्त फरक नसावा. एखादा ३.३ निघाला तर चार्ज करून बघायच्या फंदात पडू नये. मीटरसकट फोटो काढायचा आणि पॅक परत करायचा. एकदा चार्ज केला की विक्रेता हात वर करतो.

माझ्या विमानाला टी कनेक्टर होता, पॅकला एक्सटी६०. पॅकच्या तारा कापण्यापेक्षा ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तारा कापणं केव्हाही बरं, कारण तिथे जिवंत वीज नसते. पॅकवरच काम करायची वेळ आलीच तर एका वेळी एकच तार कापायची, जोडून श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) आवळायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. कटरने दोन्ही एकदम कापल्या की कटरचं पातंच शॉर्ट करतं. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न १२ किंवा १४ गेजच्या तारेला पुरत नाही. चपट्या टोकाचं ६० वॉटचं लागतं. कमी ताकदीच्या आयर्नने जास्त वेळ घासत बसलं की सांधा थंड राहतो आणि कनेक्टरचं प्लास्टिक मात्र वितळतं. सोल्डर करताना जोडीचा कनेक्टर घुसवून ठेवावा, म्हणजे पिना वाकड्या होत नाहीत. आणि श्रिंक नळी आधी तारेत ओवावी, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात.

चार्जिंगला काही गूढ नाही. लिपो बॅलन्स मोड, ३एस, २.२ अँपिअर म्हणजे १सी. १२.६ व्होल्टला हे २८ वॉटच्या आत बसतं, त्यामुळे ५० वॉटचा साधा चार्जर पुरतो. आधी मुख्य कनेक्टर, मग बॅलन्स लीड. पडद्यावर सेलची संख्या तीनच दिसते ना, हे पाहिल्याशिवाय सुरू करत नाही. स्वस्त चार्जर सेल ४.२० दाखवतो तेव्हा मीटर ४.२४ सांगू शकतो, म्हणून पहिल्या चार्जच्या शेवटी मीटरने पडताळावं. एलआयएचव्ही मोड (जास्त व्होल्टेजच्या लिपोसाठीचा) ४.३५ पर्यंत चढवतो; साध्या पॅकला तो कधीच नको. चार्ज होताना पॅक मातीच्या मोठ्या कुंडीत, तळाला वाळू, बाल्कनीत आणि सावलीत. मी घरातच असतो.

खरा वेळ द्यायचा तो टायमरवर. पहिली उड्डाणं ४ मिनिटांची ठेवली, नेहमीच्याच थ्रॉटलने. परत चार्ज करताना पॅकमध्ये ८८० एमएएच गेले, म्हणजे मिनिटाला २२०. क्षमतेच्या ८० टक्के म्हणजे १७६०, तिथे ८ मिनिटं होतात. ट्रान्समीटरवर टायमर ७ मिनिटांचा लावला, कारण वारा फिरला तर उतरण्याची एक फेरी वाया जाते. उतरल्यावर थोडं थांबून सेल मोजला तर ३.७ च्या वर हवा. ईएससीच्या कटऑफवर भरवसा ठेवून उडवणारे लोक आहेत, ३.० व्होल्टला कट होणारा ईएससी मोटर वाचवत नाही आणि सेलही वाचवत नाही.

त्याच दिवशी प्रत्येक सेलचा आयआर (आतला रोध) लिहून ठेवला: साधारण ५ मिलिओहम. हा आकडा नेहमी सारख्याच तापमानाला घ्यावा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. फुल थ्रॉटलला वॉटमीटर २२ अँपिअर दाखवतो. तीन सेल मिळून १५ मिलिओहम धरले तर पॅकच्या आत ७ वॉट उष्णता. पॅक म्हातारा होऊन सेल १५ मिलिओहमवर गेले की तीच उष्णता जवळपास २२ वॉट होते आणि व्होल्टेज १ व्होल्टने बसतं. विमान वर चढेनासं होतं आणि लोक मोटरला दोष देतात. डिसेंबरच्या सकाळी इथे ८-१० अंश असतात तेव्हा नवा पॅकसुद्धा असाच वागतो, कारण थंडीत आयआर वाढतो. जाकिटाच्या आतल्या खिशात नेलेला पॅक पहिल्याच उड्डाणाला ठीक चालतो.

उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, उतरलेला पॅक हाताला चटका देतो. तो सावलीत गार होईपर्यंत चार्जरला लावायचा नाही. ६० अंश ही मर्यादा समजावी, आणि उन्हात बंद करून ठेवलेली गाडी तिथे सहज पोचते. पण पॅक खरा मरतो तो घरी, कपाटात, भरलेला. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू होतो आणि पॅक फुगतो. रविवारी उडायला जमलं नाही तर संध्याकाळीच स्टोरेज मोड, सेलला ३.८ व्होल्ट. छोटा चार्जर जेमतेम ५ वॉटने रिकामं करतो, म्हणून भरलेल्या पॅकला अडीच-तीन तास लागतात. घाई असेल तर मी विमान घट्ट धरून अर्ध्या थ्रॉटलवर चालवतो. पत्र्याच्या गच्चीखोलीत ठेवू नये. पावसाळ्यात काळी माती मैदान अडवते तेव्हा महिन्यातून एकदा मीटर लावावा.

त्याच दिवसांत शेतांत सोयाबीन असतं. विमान त्यात हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सापडलं, तर रिसीव्हर आणि ईएससीने पॅक पार रिकामा केलेला असतो. चार्जर तो घ्यायला नकार देतो. निकेल मोडवर टाकून चार्जरला फसवायची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नये. फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं, चार्जिंगला परत जमतं आणि आतून शॉर्ट करतं. पडून चेपलेला पॅकही काही तास वाळूवर, उघड्यावर राहू दे.

निकामी पॅकला मी १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब जोडून, बाहेर वाळूवर, पूर्ण शून्यापर्यंत उतरवतो. मिठाच्या पाण्याने तारा गंजतात आणि सेल अर्धा भरलेलाच राहतो. मग टोकं वेगवेगळी टेप करून कचऱ्याच्या गाडीवर स्वतः जातो. सुक्या कचऱ्यात टाकला तर दाबताना पेटू शकतो, म्हणून ‘भैया, ये बैटरी है, अलग रखना’ असं सांगून हातातच देतो.