तिसरीचा दिशांचा तास

आज दिशा शिकवल्या. नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर कुठे विचारल्यावर बोटं थेट छताकडे! म्हणून तो आधी जमिनीवर पसरायचा. मोबाइलचं होकायंत्र वर्गात फसतं, लोखंडी कपाट आणि बाकं जवळ असतात ना.

त्यापेक्षा सावली. पटांगण काँक्रीटचं, त्यामुळे मीटरभर काठी वाळूच्या बादलीत रोवायची. सावलीच्या टोकाला खडूची खूण, 20 मिनिटांनी दुसरी. पहिली पश्चिम, दुसरी पूर्व. मध्ये बादली हलली की पहिल्यापासून. सकाळची रेषा जरा तिरपी येते; मुंबईत सूर्याची मध्यान्ह सरासरी 12.40 ला, तेव्हाच्या आसपास करावं.

आणि ‘पूर्व म्हणजे रुळांपलीकडे’ हे उत्तर येणारच. लोकलवाली मुलं!