हवा चांगली म्हणून पाण्याचे मार्क वाढतात कसे?

प्रदेशांच्या पर्यावरणाची रँकिंग आली की सगळे आधी पहिला कोण आणि शेवटचा कोण ते बघतात, मला मात्र पहिलं हेच विचारावंसं वाटतं की यांनी सरासरी कुठली काढलीय. समजा एका भागात हवेला १०० पैकी ९० आहेत आणि भूजलाला फक्त १०, आणि दुसऱ्या भागात दोन्हीला ५०-५०. साधी सरासरी काढली की दोघेही ५० वर, अगदी बरोबरीत! पण पहिल्या भागात जमिनीखालचं पाणी संपत आलंय, तिथे हवा कितीही स्वच्छ असली तरी ती पाण्याची जागा घेणार आहे का? तेच गुणोत्तर मध्य काढा, म्हणजे दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ, की पहिला भाग थेट ३० वर येतो आणि दुसरा ५० वरच राहतो. डेटा तोच आहे, फक्त एका गोष्टीतली कमतरता दुसरीने भरून काढायची सवलत कमी केली. देशांची प्रगती मोजणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये याच कारणासाठी साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य घेतला, आणि तिथे तर आरोग्य, शिक्षण, उत्पन्न असे तीनच घटक आहेत. पर्यावरणात तर याची गरज अजून जास्त आहे, कारण एकदा गेलेली माती किंवा आटलेला जलधर (जमिनीखालचा पाणी साठवणारा थर) पैसे टाकून परत येत नाही.

वेटेजवरून, म्हणजे कुठल्या घटकाला किती वजन द्यायचं यावरून, भांडणं होतात ती होतातच. सगळ्यांना सारखं वेटेज दिलं म्हणजे निःपक्षपाती झालं असं वाटतं खरं, पण पाचपैकी तीन निर्देशक हवेचेच असतील तर हवेला गुपचूप ६० टक्के मिळाले ना!

मला जास्त खटकतं ते स्कोअर काढायची पद्धत. सगळ्यात वाईट प्रदेशाला शून्य, सगळ्यात चांगल्याला १०० आणि बाकीचे मधे, ही पद्धत सोपी आहे म्हणून सगळीकडे दिसते, पण दरवर्षी असंच मोजलं आणि सगळ्याच प्रदेशांची हवा सारख्याच प्रमाणात बिघडली तर स्कोअर जागचा हलत नाही! मग याला शाश्वतता मोजणं कसं म्हणायचं, ही तर नुसती आपापसातली तुलना झाली. ठरलेल्या मर्यादेशी तुलना हवी, उदाहरणार्थ पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केली, तिच्यापासून आपण किती लांब आहोत ते सांगा.

ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राने २००८ मध्ये असे निर्देशांक बनवायची हँडबुक काढली, त्यात वेटेज आणि पद्धत बदलून क्रम किती हलतो ते तपासा असं स्पष्ट म्हटलंय. मला वाटतं प्रत्येक रँकिंगने "हा प्रदेश चौथा ते अकरावा यांच्यामध्ये कुठेतरी" असं छापायला हवं, आणि शेजारी त्याचा सगळ्यात कमकुवत घटकही.

प्रदेश पातळीवर अजून एक अडचण येते ती हद्दीची. वीज शेजारच्या भागात कोळसा जाळून तयार होते, कचराही तिकडेच जातो, आणि वापरणारा भाग यादीत वर. वापराच्या बाजूने हिशोब धरला, म्हणजे प्रदूषण वापरणाऱ्या भागाच्या नावावर टाकलं, तर हे सुधारेल, पण देशांमधल्या आयात-निर्यातीचे आकडे तरी असतात, दोन शेजारच्या प्रदेशांमध्ये किती माल इकडून तिकडे गेला याची नीट नोंद बहुतेक ठिकाणी ठेवलेलीच नसते.