पासवर्ड बरोबर, तरी मेल उघडेना

पासवर्ड चुकला की मेलचं पान तसं तोंडावर सांगतं. आमच्या दुकानात ते तसं म्हणतच नव्हतं. लॉगिनचं बटण दाबलं की चक्र गरगर फिरायचं आणि 'सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा' असं लिहून परत त्याच कोऱ्या चौकटींपाशी आणून सोडायचं. आत पाऊलच पडलं नाही, तर सेशन संपलं कुठून?

मी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात हिशेब बघते. माल सुरत-भिवंडीहून येतो. बिलं आणि बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीच्या, प्रती मेलवर. मेल दुकानाच्याच नावाचा, होस्टिंगवाल्यांकडून घेतलेला, आणि तो उघडायचा क्रोममध्ये. मे महिना, लग्नसराई, नवतपा म्हणजे उन्हाचे ते नऊ कडक दिवस सुरू. कूलरचा आवाज एवढा, की हेल्पलाइनवरच्या मुलाला एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावावं लागे. त्याचं एकच पालुपद, पासवर्ड रीसेट करा. तिकडे ट्रान्सपोर्टवाला बिल्टीशिवाय गाठी सोडेना, आणि इकडे शेठ मागे उभे. "ताई, काऊन उघडून नाही राहिला? बदलून टाका ना पासवर्ड!"

पासवर्डला मी हात लावू दिला नाही. शेठच्या फोनवर त्याच पासवर्डवर मेल धडाधड येत होते. म्हणजे पासवर्ड बरोबर आणि सर्व्हरही चालू. उगाच बदलला असता तर फोनवर, गोदामात, शेठच्या मुलाच्या लॅपटॉपवर, सगळीकडे तो नव्याने भरत बसायचं, आणि दुखणं जागच्या जागी.

त्याच कॉम्प्युटरवर फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर उघडून बघितला. इनबॉक्स लगेच समोर! नेट ठीक, विंडोज ठीक. बिघाड क्रोमच्याच आत कुठेतरी. मग कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून क्रोमची इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकी उघडली, तर तिथेही तेच रडगाणं. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचा संशय तूर्त बाजूला ठेवला. राहिल्या सेटिंग्ज.

'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'साइट सेटिंग्ज', तिथे खाली 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा'. त्यात कोणत्याही साइटला काहीच साठवू द्यायचं नाही, हा पर्याय निवडलेला. हे काम शेठच्या पुतण्याचं. बँकेच्या फसवणुकीचा कुठलासा व्हॉट्सअॅप मेसेज वाचून त्यानं काकांच्या काळजीपोटी सगळ्याच कुकीजना कुलूप लावलं होतं. पोराचा हेतू चांगला होता, मी त्याला बोलले नाही.

कुकी म्हणजे व्हायरस नाही, हे मात्र त्याला बसवून सांगितलं. वेबचा सर्व्हर मुळात विसराळू असतो. आपण एका पानावरून दुसऱ्यावर गेलो की त्याला आपण नवेच. यावर 1994 मध्ये नेटस्केपमधल्या लू माँतुली यांनी तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी खूण देतो, आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक वेळी दाखवतो. बर्डीच्या बाजारातल्या गाडी स्टँडवर पावती घेऊन ती तिथेच फेकली, तर संध्याकाळी स्टँडवाला गाडी देईल का? आमचा क्रोम तेच करत होता. पासवर्ड पटायचा, सर्व्हर पावती द्यायचा, क्रोम ती ठेवून घ्यायलाच नकार द्यायचा.

साठवायची परवानगी पुन्हा दिली. थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर भलत्याच साइटच्या खुणा, मात्र बंदच ठेवल्या. आमच्या मेलला त्यांची गरज नाही आणि पुतण्याचंही समाधान राहिलं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर येता-जाता कोणीही बसतं, म्हणून तिथे खिडक्या बंद केल्या की साठवलेलं पुसलं जावं, हा मधला पर्याय लावला. रोज सकाळी नव्याने लॉगिन करावं लागतं, एवढाच त्रास.

लॉगिन झालं, पण मेलमधली जोडपत्रं दिसेनात. पान अर्धवट, उजवी बाजू पांढरीफटक. या वेळी इन्कॉग्निटोत सगळं नीट दिसलं, म्हणजे आता बाजूला ठेवलेल्या एक्स्टेन्शनची पाळी. सगळी बंद करून एकेक चालू केली. जाहिराती अडवणारं चालू करताच पान पुन्हा अर्धं. ते काढलं नाही, फक्त आमच्या मेलच्या पत्त्यापुरतं थांबवलं. शेवटी बिल्टीची पीडीएफ क्लिक करूनही उघडेना, कारण ती नव्या खिडकीत उघडते आणि क्रोमनं पॉप-अप अडवलेला. अॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला त्याची खूण येते, पण इतकी बारीक की नजर तिथे जातच नाही. परवानगी दिली, बिल्टी छापली, पोराला ट्रान्सपोर्टवर पिटाळलं.

हे आवरतंय तोच गोदामातून फोन. तिथेही मेल उघडेना, पण तऱ्हा निराळी. मी म्हटलं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते शब्दन्शब्द वाचून दाखवा. क्रोम म्हणत होता, तुमचं घड्याळ मागे आहे. खरंच मागे होतं, काही वर्षांनी! तो जुना डबा रात्री मेन स्विचवरूनच बंद होतो, आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला की तारीख लक्षात ठेवणारं कोणी उरत नाही. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझरला ते खोटं वाटतं. अशा वेळी इशारा ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो. मी गोदामवाल्या भाऊंना फोनवरच थांबवलं आणि तारीख हाताने लावून घेतली. मेल उघडला. सेल सीआर 2032 नंबरचा लागतो, तो दुसऱ्या दिवशी बर्डीवरून आणून बसवला.