कॉर्ग एमएस-२०: दोन फिल्टर आणि केबलींचा गुंता

माझ्या जुन्या कॉर्ग एमएस-२० सिंथेसायझरवरची ही खेप बरीचशी फिल्टरवर, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणाऱ्या सर्किटवर आहे. नॉबांची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली आणि दोन्ही ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारे भाग) सुरात आले. चालू करून अर्धा तास तापू दिला की सूर बऱ्यापैकी टिकतो. थंड असताना ट्यूनिंग करत बसण्यात अर्थ नाही. साफसफाईचं पुराण इथेच आवरतो.

ज्यांनी १९७८चा हा सिंथ हाताळला नाही त्यांच्यासाठी: ३७ पट्ट्या, एका वेळी एकच स्वर, दोन ऑसिलेटर, दोन फिल्टर आणि उजव्या हाताला पॅच पॅनेल, म्हणजे केबलींनी आतले भाग हवे तसे जोडायची खोबणी. केबल न लावताही तो वाजतो, कारण आतली जोडणी ठरलेली आहे. केबल खोचली की तेवढ्या ठिकाणची जोडणी बदलते. भरदार, गुबगुबीत बेस हवा असेल तर मिनीमूग या दुसऱ्या सिंथकडे जावं. एमएस-२०चा स्वभाव किरकिरा आहे आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

हा किरकिरेपणा येतो फिल्टरांतून. आवाज आधी खालचे स्वर गाळणाऱ्या हाय-पासमधून जातो, मग वरचे गाळणाऱ्या लो-पासमधून, आणि दोघांनाही स्वतंत्र पीक नॉब आहे, जो गाळण्याच्या सीमेजवळचा आवाज उठावदार करतो. पीक वर नेला की फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो. दोन्ही पीक वर ठेवून दोन कटऑफ (गाळण्याच्या सीमा) एकमेकांजवळ आणले की मधली चिंचोळी पट्टी नाकात बोलल्यासारखी ऐकू येते. एक कटऑफ हलवताच तिच्यातून ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर फुटतात. मिक्सरवर ऑसिलेटर चढवले तर ते शिळेला दाबून टाकतात आणि आवाज फाटतो. उतरवले की शीळ वर येते. त्यामुळे मिक्सरचे नॉब मी आता नुसते आवाजाचे धरत नाही, पोत ठरवायला वापरतो. सुरुवातीच्या यंत्रांत फिल्टरसाठी ‘कॉर्ग ३५’ हा भाग होता, पुढे सर्किट बदललं. माझं यंत्र पहिल्या प्रकारातलं, म्हणून हे वर्णन त्याचंच समजावं.

सध्याचा लाडका पॅच, म्हणजे केबलींची जोडणी, उशिरा येणाऱ्या कंपनाचा. मॉड्युलेशन जनरेटरची (एमजी, संथ लहर देणारा भाग) त्रिकोणी लहर जादाच्या व्हीसीएत (व्होल्टेजने कमीजास्त होणारा अॅम्प्लिफायर) घालायची, त्याच्या कंट्रोलला पहिला एन्व्हलप (पट्टी दाबल्यावर चढ-उतार घडवणारा भाग) जोडायचा आणि निघालेलं पॅनेलवरच्या ‘टोटल’ खोबणीत. या एन्व्हलपला डिले आहे, त्यामुळे पट्टी दाबल्यावर स्वर आधी सरळ उभा राहतो आणि मग हलू लागतो. हे कंपन ऑसिलेटरला किती लागावं ते ठरवणारा एमजी/टी.एक्स्ट नॉब अगदी थोडाच उघडायचा. जास्त उघडला की कंपन उरत नाही, सायरन होतो! पोर्टामेंटोही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) किंचित ठेवला तर स्वरांमधली मींड छान लागते.

दुसरा प्रयोग खाली उजव्या कोपऱ्यातल्या ईएसपीवर, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या विभागावर. मायक्रोफोनवर गायचं, सिंथने त्या स्वरानुसार वाजायचं. गायलेल्या स्वराच्या उंचीनुसार बदलणारं सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) ऑसिलेटरला, आवाजाच्या चढ-उताराचा एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला, स्वर सुरू झाल्याची खूण देणारा ट्रिगर एन्व्हलप जनरेटरला. सरळ ‘ऊ’ म्हटलं तर तो निमूट मागोमाग येतो. ‘आ’ म्हटलं की मधूनच वरच्या सप्तकात उडी मारतो, कारण ‘आ’मध्ये वरचे उपस्वर तगडे असतात आणि त्याची मोजणी चुकते. उपाय तिथेच आहे: लो-कट आणि हाय-कटने मूळ स्वराभोवतीचा तेवढाच पट्टा ठेवायचा आणि थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला ट्रिगर सुटेल ती मर्यादा) असा लावायचा की श्वासाने ट्रिगर होणार नाही. तरी भराभर ताना घेतल्या तर तो भांबावतोच. त्या भांबावण्यातूनही कामाचे आवाज निघतात, ते रेकॉर्ड करून ठेवतो आहे.

पुढचं काम सीक्वेन्सरचं, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप वाजवून घेणाऱ्या यंत्राचं. इथे अडचण अशी की एमएस-२०ची स्वरांची उंची हर्ट्झ प्रति व्होल्ट हिशोबाने चालते: दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट, १, २, ४, ८. बरेचसे सीक्वेन्सर दर सप्तकाला एकच व्होल्ट वाढवतात, त्यामुळे थेट जोडले तर सप्तकं आवळली जातात आणि सगळंच बेसूर होतं. शिवाय गेट (स्वर सुरू करणारा इशारा) उलटं: याचा ट्रिगर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडला की सुटतो. कॉर्गचा त्याच काळातला एसक्यू-१० सीक्वेन्सर याच हिशोबाने बनवलेला आहे. पण तो मिळेपर्यंत मधे कन्व्हर्टर बसवणार आहे, आणि आधी एकाच सप्तकात खेळून ट्यूनिंग किती धरतं ते तपासणार आहे.