निकाल झाकून निर्णय कसा तपासायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: “निकाल बघायचा नाही म्हणता, मग कर्णधार चुकला की नाही हे ठरवायचं कशावरून?”

निर्णयाच्या घडीला त्याच्या हाताशी काय होतं, त्यावरून. २००७च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या, एक गडी शिल्लक, समोर मिसबाह. भारताचा कर्णधार धोनी, त्यानं चेंडू जोगिंदर शर्माकडे दिला. आजही लोक याला जुगार म्हणतात. पण तेव्हाचा गुणफलक बघा. इरफान, श्रीशांत आणि आर. पी. सिंग यांची चार-चार षटकं, म्हणजे एका गोलंदाजाची कमाल मर्यादा, संपलेली. हरभजनचं एक उरलेलं, पण त्याच्या तीन षटकांत ३६ धावा गेलेल्या. सतराव्या षटकात एकट्या मिसबाहनं त्याला तीन षटकार मारलेले. जोगिंदरच्या तीन षटकांत मात्र १३ धावा आणि एक बळी. उपांत्य सामन्यातलं शेवटचं षटकही त्यानंच टाकलेलं. नावं झाकून नुसते आकडे दाखवले असते, तर निम्म्याहून अधिक लोकांनी तोच गोलंदाज निवडला असता.

पुढे काय झालं? वाइड, एक निर्धाव चेंडू, फुलटॉसवर षटकार आणि मग शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हातात झेल. इथे तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. जोगिंदरला चेंडू देणं हा निर्णय. फुलटॉस पडणं ही अंमलबजावणीतली चूक. झेल थेट क्षेत्ररक्षकाकडे जाणं यात नशिबाचा मोठा वाटा. तो फटका थोडा लांब गेला असता तर धोनीला शिव्या बसल्या असत्या, निर्णय मात्र तोच राहिला असता.

उलट बाजूचं उदाहरण मुंबईतलंच आहे. मार्च २०२४, रणजी उपांत्य सामना, बीकेसीचं मैदान. तामिळनाडूनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि १४६ धावांत डाव आटोपला. एक डाव आणि ७० धावांनी हरल्यावर त्यांचे प्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णी जाहीरपणे म्हणाले की पहिल्या दिवशी सकाळी नऊलाच, म्हणजे नाणेफेकीलाच, सामना गेला. त्यांना मुंबईच्या खेळपट्ट्या ठाऊक, त्यामुळे मुद्दा दखल घेण्याजोगा होता. पण त्याच खेळपट्टीवर मुंबईही ७ बाद १०६ होती. नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दूल ठाकूरनं प्रथम श्रेणीतलं आपलं पहिलं शतक ठोकलं, १०९ धावा, आणि मुंबई ३७८वर गेली. तो दहावर बाद झाला असता तर नाणेफेकीची एवढी चर्चा झाली असती का? मला शंका आहे.

म्हणून संघाची एक वही असावी, आणि ती नाणेफेकीआधी भरावी. पाच ओळी पुरतात: पर्याय कोणते (किमान दोन), माहिती काय, निवड कोणती आणि का, यशाची शक्यता टक्क्यांत किती, आणि काय दिसलं तर बेत बदलायचा. खाली वेळ आणि सही. प्रशिक्षकाचं मत वेगळं असेल तर तेही तिथेच लिहायचं. वही सामन्यानंतर भरली की ती कैफियत होते; हरल्यावर सगळ्यांनाच ‘मी आधीच म्हणालो होतो’ असं आठवतं.

टक्क्यांचा रकाना लोक टाळतात, पण खरी गंमत त्यातच आहे. ६० टक्के लिहिलेले निर्णय दहातले चार वेळा फसायलाच हवेत. ते जवळजवळ सगळे यशस्वी होत असतील तर तुम्ही फार सावध अंदाज बांधताय. निम्मेच होत असतील तर फाजील आत्मविश्वास आहे. मात्र त्यासाठी निदान ४०-५० नोंदी जमू द्या. जिंकण्याची शक्यता ५० वरून ५५ टक्क्यांवर नेणारा प्रशिक्षक आयपीएलच्या १४ साखळी सामन्यांत सरासरी ७ ऐवजी ७.७ विजय देईल. एवढा फरक एका मोसमात डोळ्यांना दिसत नाही, आणि नोकरी जाते ती एका मोसमात.

‘प्रोसेस बरोबर होती’ हे हल्ली पराभवानंतरचं ठरीव वाक्य झालंय. ते ऐकलं की वही मागा. ओळ कोरी असेल तर प्रोसेस नव्हतीच.

आणि निर्णय तपासणाऱ्या समितीची बैठक फक्त हरल्यावर बोलावू नका. तीनातली एक तरी जिंकलेल्या सामन्यावर लावा, आणि निकालाची ओळ कागदानं झाकून.