मेमरी कार्ड फुल्ल

ऐन गळीत हंगाम. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसखालून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेले, प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं. त्या दणदणाटात एक काका आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा पोरगा जिना चढून आले. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) काकांनी खिशातून नोटीस काढली. चार घड्या, घामानं ओलसर.

काकांचं मोबाईलचं दुकान. ५० रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी 'फुल्ल' करून मिळतं. पोरानं तीच गाणी टेलिग्राम चॅनेलवर टाकली होती आणि एका म्युझिक कंपनीच्या वकिलानं स्क्रीनशॉटसकट नोटीस धाडली होती.

"चॅनेलवर एक रुपया घेतला न्हाई सर. फुकट वाटलं तर गुन्हा कसला?"

हे माझ्याकडं येणारा प्रत्येकजण म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फुकट वाटणाऱ्याला सूट नाही. जाणूनबुजून केलं असेल तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. धंद्याच्या फायद्यासाठी नसेल, तर विशेष कारणं नोंदवून कोर्ट किमान शिक्षेच्या खाली येऊ शकतं. मी त्याच रस्त्यानं जायचं ठरवत होतो. तेवढ्यात स्क्रीनशॉट जवळ धरून पाहिला. चॅनेलच्या फोटोत दुकानाचा बोर्ड, खाली क्यूआर कोड आणि 'कार्ड भरायला या'. म्हणजे धंद्याची जाहिरातच. झालं कल्याण!

"पोरानं केलंया, माझा काय संबंध?" काका म्हणाले.

कमाईसाठी आपली जागा असल्या कामाला वापरू देणाराही कायद्यात अडकतो. 'मला ठाऊक नव्हतं' हा बचाव आहे. पण क्यूआर कोड काकांच्याच खात्याचा निघाला.

"पर गाणी जुनी हाईत, क्यासेटच्या टायमाची."

रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. गीतकार-संगीतकाराचा वेगळा, त्यांच्या मरणानंतर ६० वर्षं. काकांनी बोटांवर हिशेब केला. क्यासेटचा जमाना साठ वर्षांच्या बाहेर काही जाईना.

एवढ्यात बघतो तर पोरगा टेबलाखाली मोबाईल धरून एकेक फाईल उडवतोय. मी हातातून मोबाईल ओढलाच. चॅनेल बंद करायचंच, पण नोटीस हातात पडल्यावर पुरावा पुसला तर नवीन लफडं. आधी सगळ्याची नोंद, मग बंद, मग उत्तर. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही) असल्याचं सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलंय, हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट बसला.

उत्तराचा मसुदा सांगायला लागलो आणि खालून एक ट्रॅक्टर गेला. खिडक्या थरथरल्या. काकांनी मान तिकडं वळवली, ओळभर ऐकलं आणि पोराकडं बघत हळूच म्हणाले, "आपल्यातलंच कार्ड हाय."